विहिरीचे आकडे

तीर्थरूप आईस,
तुझ्या धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे. मोडलाय तो डावा हात, त्यामुळे लिहायला अडचण नाही.

विद्यापीठाकडून मी इथल्या बायकांना पाणी तपासायला शिकवते ना, त्यांना मंगळवारी विहिरीत रंगाच्या कारखान्याचं विष सापडलं. शाळेच्या खोलीत मी अहवाल वाचत होते, तेवढ्यात कारखान्याच्या मालकाची माणसं काठ्या घेऊन घुसली. त्यांनी बाटल्या फोडल्या, टेबल उलथवलं. एकाने माझा हात पिरगळला, कडकन आवाज आला. कागद हिसकावून त्याने टराटरा फाडला.

माझ्याकडे शिकणाऱ्या गावच्या सुईणबाई मध्ये पडल्या. त्यांच्या तोंडावर काठी बसली, दोन दात पडले. रक्त थुंकून त्या म्हणाल्या, "फाड बाबा. आकडे मीच काढलेत, पाठ आहेत मला." आणि खड्या आवाजात एकेक आकडा म्हणू लागल्या. मग सगळ्याच बायका म्हणू लागल्या. मारणारे मारून दमले, पण आवाज थांबेना. शेवटी तेच निघून गेले.

तेच आकडे बायकांनी तहसील कचेरीत जाऊन म्हणून दाखवले. विहिरीला आता सरकारी कुलूप आहे, टँकर येतो.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबांना सांग, मी जिन्यावरून पडले. परत ये म्हणू नकोस. आज शेजारच्या गावच्या तिघी आपापल्या विहिरीचं पाणी घेऊन दारात उभ्या आहेत.

तुझी,
हट्टी