विंचवाची गाडी की नवी?

मुलुंड पूर्व
रविवार, सकाळ

प्रिय ऋता,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटलं असेल, आईंना आता या वयात पत्र लिहायची काय हुक्की आली. फोन आहे, तुझा नंबर आहे, पण फोनवर आपण दोघी फार शहाण्यासारख्या बोलतो गं. तू म्हणतेस, 'मी मजेत', मी म्हणते, 'आम्हीपण', मग गणपतीत कोण कोण आलं ते मी सांगते, तू 'हो का' म्हणतेस आणि आपण ठेवून देतो. आज मला सगळं नीट सांगायचंय आणि मध्येच तू विषय बदललेला मला नकोय. म्हणून लिहायला बसले. चहा घेऊन वाच, लांबलचक होणार आहे.

बातमी अशी की आपल्या घरात गेले दोन-तीन महिने गाडीवरून रणकंदन चाललं होतं. विंचवाची गाडी ठेवायची की नवी घ्यायची. तिचं खरं नाव अबार्थ, पण सोसायटीत ते कोणाच्याच तोंडात बसलं नाही. पुढच्या बॉनेटवर विंचू, चाकांवर विंचू, म्हणून वॉचमनपासून सगळे 'विंचवाची गाडी'च म्हणाले. तुला आठवतं ना ती घेतली तेव्हाचं? तुमच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. सिद्धेशला मोठी डिकीवाली, चार माणसांत शोभणारी गाडी हवी होती. तू म्हणालीस, गाडी शोभेला नाही, चालवायला घ्यायची असते. दिसायला साधी छोटी हॅचबॅक, पण आत इंजिन असं की पाय जरा जोरात पडला तर माणूस पाठीमागे सीटला चिकटतो. ह्यांना तू पहिल्या दिवशी हायवेवर फिरवून आणलंस. घरी येऊन हे खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "गे विमला, ही गाडी आसा की विमान?" मी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढत होते तेव्हा नेमकं बोट विंचवावर गेलं, आणि तू म्हणालीस, "आई, त्यालाही लावा, तोही घरचाच."

मला गाडी चालवता येईल असं माझ्या माहेरी-सासरी कोणाला स्वप्नात वाटलं नसतं. मी भांडुपच्या चाळीतली, वडील गिरणीत, आमच्याकडे सायकलसुद्धा शेजाऱ्यांची. लग्नानंतर ह्यांनी स्कूटर घेतली तर मी मागे एका बाजूला दोन्ही पाय टाकून बसायची, तेवढंच माझं ड्रायव्हिंग. तुझ्या मात्र डोक्यात आलं, आणि तू मला सकाळी सकाळी मिठागर रोडला घेऊन जायला लागलीस. दुसरी सून असती तर शिकायला साधी, हलकी गाडी बघितली असती. तू मला थेट विंचवावर बसवलंस. तिचा क्लच इतका जड की पहिल्या आठवड्यात माझी डावी मांडी रात्रभर ठणकायची. मी रडकुंडीला यायची आणि तू शांतपणे म्हणायचीस, "आई, घाबरायचं तर घाबरा, पण पाय एकदम उचलू नका." माझ्या आयुष्यात मला इतक्या सरळ शब्दांत कोणी काही शिकवलं नव्हतं.

नाहूरच्या पुलाचा प्रसंग मी अजून लोकांना सांगते. चढावर गाडी बंद पडली, मागे ट्रक, ट्रकच्या मागे बस, सगळे हॉर्नवर हात ठेवून बसलेले. तू दार उघडून खाली उतरलीस, मागे जाऊन दोन्ही हात वर करून ट्रकसमोर उभी राहिलीस आणि ओरडलीस, "आई शिकतायत! थांबा जरा!" तो ट्रकवाला हसायलाच लागला. मी काय केलं देव जाणे, गाडी सुरू झाली, निघाली, आणि मी तुला तिथेच सोडून पुलाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचले, कारण चढावर परत थांबायची माझी छाती नव्हती. आरशात बघते तर तू पुलावरून पळत येतेयस, हसून हसून वाकलेली. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची होते, आणि त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला काहीही जमेल.

तू गेलीस तेव्हा गाडी इथेच राहिली. सिद्धेशच्या नावावर होती म्हणून, आणि तूही मागितली नाहीस. तुम्हा दोघांत काय बिनसलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आता विचारणार नाही. दोन चांगल्या माणसांचं जमत नाही असं होतं कधी कधी, एवढं कळायला मी पुरेशी म्हातारी आहे. सिद्धेश अंधेरीला ऑफिसला लोकल-मेट्रोनं जातो, त्यामुळे गाडी मग माझीच झाली. चेंबूरला बहिणीकडे जायचं, मी. ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, मी. मजल्यावरच्या बायकांना भांडुपला लग्नाच्या साड्या घ्यायच्या, तरी मीच. त्या मागे बसून देवाचं नाव घेतात आणि उतरल्यावर म्हणतात, परत कधी?

पण गाडीचंही वय होतं. अशा गाड्या आता इकडे विकत नाहीत, त्यामुळे सुटा भाग लागला की शोधाशोध. पावसाळ्यानंतर खड्ड्यांनी सस्पेन्शनचं काहीतरी गेलं आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली ती राहिलीच. भाग कोणाकडून तरी कोइमतूरहून येणार होता. आज येतो, उद्या येतो. त्यातच ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. डोळ्याला पट्टी बांधून माणूस रिक्षात, आणि आपले रस्ते तुला माहीत आहेत. प्रत्येक खड्ड्याला हे माझा हात दाबायचे. घरी आल्यावर सिद्धेश म्हणाला, "आई, बस झालं आता. बाबांना गरज असते तेव्हा गाडी गॅरेजमध्ये असेल तर काय उपयोग?" तो खरं बोलत होता.

मग त्यानं मला नवी गाडी दाखवायला नेलं. त्याला माहीत, आई साधी गाडी बघणार नाही, म्हणून त्यानं तीही तशीच निवडली होती, आय-ट्वेंटीतली ती एन लाइन. लाल शिवणीच्या सीट, मागे धुराची दोन नळकांडी, छोटीच पण रुबाबदार. मी तोंड वाकडं करूनच बसले होते. शोरूमची निधी म्हणून एक गोड मुलगी शेजारी बसली, आणि आम्ही ऐरोलीच्या पुलावर गेलो. खरं सांगू? गाडी झकास होती. विंचवासारखी अंगावर येत नाही, पण बोलावलं की धावते. चढावर मागे सरकत नाही, सहा-सहा एअरबॅगा, पार्किंगला कॅमेरा. हे मागे बसले होते, त्यांना निधीनं सांगितलं की काचेचं छप्पर बोलून उघडतं. हे मालवणीत म्हणाले, "उघड गो बाय." काही होईना. दोन-तीनदा विनवून झालं, शेवटी निधी इंग्रजीत बोलली आणि उघडलं. हे अजून म्हणतात, गाडी चांगली आहे, जरा शिकवायला पाहिजे.

घरी येऊन मात्र मी म्हटलं, नाही. नवी चांगली आहे, मान्य. पण नवी गाडी मला सांभाळून घेते, आणि विंचवाला मी सांभाळून घेते, यात फरक आहे. त्या जड स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो. एव्हाना कोइमतूरचा तो भाग आला होता, गाडी परत टुणटुणीत झाली होती. सिद्धेशनं समजावलं, रागावला, यूट्यूबवर दोघींची तुलना करणारे व्हिडिओ दाखवले. मी सगळे बघितले आणि तरीही नाही म्हटलं. ह्यांचं मत विचारलं तर म्हणाले, "चालवता तीच, ठरवतली पण तीच." शेवटी सिद्धेशनं हात टेकले. मी जिंकले. दोन दिवस मी घरात अशी मिरवत होते की काही विचारू नकोस.

तिसऱ्या दिवशी मीच सिद्धेशला सांगितलं, नवी बुक कर.

विंचवाची गाडी चांगल्या घरी गेली, काळजी करू नकोस. चेंबूरचं एक जोडपं आलं होतं. नवरा बॉनेट उघडून खूप वेळ आत डोकं घालून बसला, आणि बायको, प्रियंका तिचं नाव, ती गाडीभोवती एक फेरी मारून सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. सौदा ठरल्यावर सिद्धेश किल्ली नवऱ्याला द्यायला लागला तर तो म्हणाला, "तिला द्या, गाडी तिची आहे." मी पुढे होऊन किल्ली तिच्या हातात दिली आणि क्लचबद्दल सांगायला गेले, तर ती म्हणाली, "काकू, माहितीये, माझी आधीची याहून जड होती." गेटातून वळताना तिनं इंजिनचा असा आवाज काढला की वॉचमननं सलाम ठोकला. मी वर येऊन थोडी रडले. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, म्हणजे मला मोकळं रडता यावं.

आता त्या तिसऱ्या दिवशी काय झालं ते. भाजी घेताना तिसऱ्या मजल्यावरची चेतना भेटली. तुझी मैत्रीण असूनही ती तुझ्याबद्दल माझ्याशी कधी बोलत नाही, मीही विचारत नाही. त्या दिवशी मी तिला फुशारकीनं सांगत होते की विंचवाची गाडी वाचवली, ऋताला कळव, खूश होईल. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग तिनं सांगितलं. कोथरूडला रस्ता ओलांडताना टेम्पोचं चाक तुझ्या डाव्या पायावरून गेलं. दोन ऑपरेशनं झाली, आत पट्ट्या बसवल्यात, तू काठी घेऊन चालतेस आणि घोटा आता वाकायचा नाही असं डॉक्टर म्हणाले. क्लच दाबता येत नाही म्हणून तू तुझी गाडी विकलीस आणि चेतनाला म्हणालीस, गाडी चालवणं हा विषय संपला. गणपतीत तू मला फोनवर 'मी मजेत' म्हणालीस तेव्हा तू हॉस्पिटलमधून नुकतीच घरी आली होतीस, हो ना? मी रागावलेली नाही. पण भाजी तशीच टाकून मी निघाले. घरी येऊन मी सिद्धेशला सगळं सांगितलं आणि म्हटलं, नवी घे. त्यानं शोरूमचे कागद परत बाहेर काढले. मग एवढंच बोलला, "मी तुझ्यासाठी क्लचवाली बुक करणार होतो. ऑटोमॅटिक सांगतो."

तर गाडी आली आहे. मी रोज चालवते, आणि तिच्यात डाव्या पायाला काहीच काम नाही. पहिले दिवस माझाच पाय उगाच हवेत दाबत होता. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायाचे. आणि तुझ्यासारख्यांना गिअर स्वतः टाकल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून स्टिअरिंगमागे दोन पाती आहेत, बोटानं ओढायची. मला ती नीट जमत नाहीत, तूच शिकव. येत्या रविवारी मी पुण्याला येतेय. घाटात मी कधी चालवली नाही, हे शेजारी बसून रामरक्षा म्हणणार आहेत, सिद्धेश येणार नाही, तू निश्चिंत राहा. पत्र संपवताना खाली काय लिहावं याचा मी विचार केला. तुमच्या कोर्टाच्या कागदांत नवरा होता, बायको होती, सासू कुठेच नव्हती. माझं नातं कोणी मोडलेलं नाही, तेव्हा मी नेहमीसारखीच सही करते. मी खाली गाडीजवळ थांबेन. नको वाटलं तर नको म्हण, वर येऊन चहा पिऊन आम्ही परत निघू, मला वाईट वाटणार नाही. पण खाली येऊन चालवायला बसलीस तर भीती वाटेल, पाय चुकेल, मागचे लोक हॉर्न वाजवतील. तेव्हा मी उतरून मागे जाईन आणि हात वर करून उभी राहीन. तू खुशाल मला सोडून पुढे जा.

तुझीच,
आई