पाकीट क्रमांक तीन उघडण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
प्रादेशिक बुरशी ओळख केंद्र,
नागपूर.

विषय : आपल्या कपाटात पडून असलेले वाळवलेल्या फुटूचे पाकीट क्र. ३ उघडून त्याची डीएनए तपासणी करण्याबाबत, व इतर एक मागणी.

संदर्भ : आपले दि. १० सप्टेंबर २०२५ चे पत्र, ज्यावर सही आहे पण सही कोणाची ते वाचता येत नाही.

महोदय,

१. संदर्भीय पत्र मिळाले. माझ्या बहिणीच्या फुटूचा नमुना दूषित निघाला, सबब त्याच ठिकाणचा ताजा नमुना पंधरा दिवसांत पाठवावा, अन्यथा प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येईल, असे आपण कळवले आहे. त्याच ठिकाणी आता गुडघाभर पाण्याचा खड्डा आहे. तो आपल्याच कार्यालयाने खणलेला आहे. खड्ड्यातले पाणी नमुना म्हणून चालत असेल तर बाटली भरून पाठवतो.

२. मी रेल्वेत चौतीस वर्षे पार्सल कारकून होतो. आंबे, कोंबडीची पिल्ले, औषधाच्या बाटल्या, लग्नाची भांडी, सगळे माझ्या हातून गेले आणि धडपणे पोचले. पाकिटावर काय लिहिले आहे ते वाचणे ही माझी नोकरी होती. आपल्याकडे हे काम कोणाकडे सोपवलेले आहे, हे दोन महिने विचारूनही मला कळलेले नाही.

३. आपण फाईल वाचलेली नसणार असे गृहीत धरून प्रकरण थोडक्यात सांगतो. माझी धाकटी बहीण शेवंता, वय अठ्ठावन्न, विधवा, सिलतऱ्याच्या पलीकडे एका गावात राहते. गावाचे नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे येईल. पावसाळ्यात ती वारुळावर उगवलेला फुटू तोडून रायपुरात पंडरीच्या बाजाराबाहेर विकायला बसते. फुटू म्हणजे रानातली अळंबी. हे बुरशी केंद्राला सांगायची वेळ येऊ नये, पण आपल्या पहिल्या पत्रात त्याला 'भाजीपाला' म्हटले आहे, म्हणून सांगतो. यंदा जुलैच्या सुरुवातीला एका कुटुंबाने तिच्याकडून फुटू नेला, दोन दिवस प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवला, मग रांधून खाल्ला. चौघांना उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी चौघेही दवाखान्यातून धडधाकट घरी आले, पण बाजार समितीने शेवंताला सांगितले की तुझा फुटू विषारी नाही असा सरकारी कागद आण, तोवर बसू नको. एकोणीस वर्षे एकाच जागी बसलेल्या बाईला त्या दिवसापासून 'जहरवाली' म्हणतात. धंदा बुडाला त्यापेक्षा हा शब्द तिला जास्त लागला. मी तिला म्हणालो की कागद मी मिळवून देतो.

४. नमुना कसा तयार करावा याचे आपलेच पत्रक मी चार वेळा वाचले. आपल्या कार्यालयात ते एकदा तरी कोणी वाचले असते तर हा अर्ज लिहावा लागला नसता. शेवंताने फुटू तोडून घरी आणल्याबरोबर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढले. पाते स्पिरिटने पुसले, ज्योतीवरून फिरवले, छत्री मधोमध फाडली आणि माती लागलेली नसते अशा आतल्या गराचे तांदळाएवढे तुकडे घेतले. ते कोऱ्या कागदाच्या पुडीत बांधून ओल शोषणाऱ्या निळ्या दाण्यांत ठेवले. दाणे ओल लागून गुलाबी झाले की बदलायचे, तसे तीन वेळा बदलले. एक छत्री अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर उपडी ठेवून तिच्यातून पडणाऱ्या भुकटीचा ठसा घेतला. अशी तीन पाकिटे केली, प्रत्येकावर क्रमांक, दिनांक, सही. लेकाचे लग्नसुद्धा मी इतक्या निगुतीने केले नव्हते.

५. पहिले पाकीट परत आले, कारण सोबतचा अर्ज हिंदीत होता. ठीक. मराठी माझ्या आईची भाषा आहे, त्यामुळे ही शिक्षा मला आनंदाने भोगता आली. वाटेत कोणीतरी ते पाकीट फोडून पाहिले होते, सबब बाद. दुसरे परत आले, कारण रकाना अकरा, 'नमुना सापडल्याचे नेमके ठिकाण', यात मी 'सिलतऱ्याच्या पलीकडे, वारुळावर' असे लिहिले होते. तेही पावसात भिजून आले. मी फोन केला. आपल्या सहायक निधी मॅडम माझे मराठी समजत होत्या आणि उत्तर हिंदीत देत होत्या. स्वभावाने बऱ्या वाटल्या. म्हणाल्या, "अंकल, लोकेशन के बिना सिस्टम आगे ही नहीं बढ़ता." मी विचारले की ठिकाण बाहेर जाणार नाही ना. त्यांनी अर्जामागची टीप सात वाचून दाखवली : स्थळाची माहिती गोपनीय राहील. आपल्या छापील शब्दावर मी विश्वास ठेवला. या प्रकरणातला पहिला गाढवपणा माझा आहे, तो मी नाकारत नाही.

६. आता जे लिहितो ते आपल्या कोणत्याही रकान्यात बसणार नाही. त्या गावात फुटूची जागा सासू सुनेला दाखवते. मुलाला नाही, नवऱ्याला नाही. पुरुष चार लोकांत बसले की बोलून जातात, असे तिथल्या बायकांचे म्हणणे आहे आणि माझ्यावरून ते खरे ठरले. कोणी बाई टोपली घेऊन निघाली तर दुसरी तिच्या मागे जात नाही. शेवंताला तिच्या सासूने जागा दाखवली तेव्हा कोणाला सांगणार नाही असे वचन घेतले होते. यंदा ती आपल्या सुनेला, चेतनाला, घेऊन जाणार होती. त्याऐवजी तीन दिवस मी तिच्या दारात बसून राहिलो, टीप सात पाठ म्हणून दाखवली, सरकार म्हणजे काही पानठेला नव्हे असेही म्हणालो. चौथ्या दिवशी ती उठली. म्हणाली, "तू म्हणून राहिला म्हणून नेऊन राहिली मी, दादा. तिथं मोठ्यानं बोलू नको." मी मोठ्याने बोललो नाही. मोबाईलवर अक्षांश-रेखांश घेतले, दशांशानंतर सहा आकडे, आणि पाकीट क्रमांक तीनसोबत आपल्याला पाठवले.

७. दि. १९ ऑगस्टला आपले पथक आले. मागवले कोणी, माहीत नाही. पथकप्रमुख श्री. सुशील यांनी गावात शिरताच पानठेल्यावर गाडी उभी केली आणि माझे सहा आकडे छापलेला कागद दाखवून फुटूची जागा कुठे आहे ते विचारले. अक्षांश-रेखांश हातात घेऊन पत्ता विचारणारा माणूस मी रेल्वेतसुद्धा पाहिला नव्हता. मग त्यांनी वारुळावर कुदळ चालवली, कारण आपल्या आदेशात 'संपूर्ण देठासह' असे होते. महोदय, या फुटूचा देठ खाली वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. तो वरच्या वर हलक्या हाताने तोडायचा, खणायचे नाही. खणले की वाळवी जाते आणि वाळवीबरोबर फुटूही जातो. एवढे त्या गावातल्या परकरातल्या पोरींना कळते. आपल्या पथकात दोन पदव्युत्तर होते.

जाताना त्यांनी पंचनामा केला आणि नियमाप्रमाणे एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवली, नकाशासह. टीप सात बहुधा फलकाला लागू नसावी. दोन दिवसांत आजूबाजूच्या चार गावांतून लोक फावडी घेऊन आले आणि आसपासची वारुळेही उकरून गेले. आपण सुरू केलेले काम जनतेने पूर्ण केले.

८. पथकाने गोळा केलेला फुटू ओला, मातीसकट, प्लास्टिकच्या थैलीत, बंद गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवून नागपूरला नेला. मी मागाहून फोनवर विचारले तेव्हा श्री. सुशील म्हणाले की वाटेत एक दिवस मुक्काम होता. पोचेपर्यंत त्याचा काला झाला असणार. त्यावर आपण यंत्र चालवले आणि निष्कर्ष काढला की नमुना दूषित आहे. नाचता येईना, अंगण वाकडे. आणि माझे तीन नंबरचे पाकीट? 'विभागीय नमुना उपलब्ध असल्याने अर्जदाराचा नमुना विचारात घेतला नाही', असे आपल्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. म्हणजे कोरडा, स्वच्छ, सही केलेला नमुना कपाटात ठेवला आणि चिखल तपासला. वयोमानाने मला राग आता झेपत नाही, तरी आपल्याबद्दल जे वाटते त्याला आदर म्हणता येणार नाही, हे नम्रपणे नोंदवतो.

९. सबब पहिली मागणी. पाकीट क्रमांक तीन उघडावे. त्यात त्या वारुळावरच्या फुटूचे जगातले शेवटचे तुकडे आहेत. हात धुऊन उघडावे. दाणे निळेच असतील. गुलाबी असले तर ते माझ्याकडून झालेले नाहीत.

१०. दुसरी मागणी, जी मला पहिल्या मागणीपेक्षा महत्त्वाची आहे. शहरात शेवंता 'जहरवाली' होतीच. आता गावातल्या बायका म्हणतात की हिने जागा सरकारला विकली. सकाळी रानात निघताना तिला कोणी हाक मारत नाही, विहिरीवर आली की बोलणे थांबते. सून घरात आहे, पण घरात जेवणापुरतेच बोलणे होते. मी गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा शेवंता भांडली नाही. चहा दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काहून नेलं मी तुले तिथं?" मी पासष्ट वर्षांचा माणूस, कप विसळून ठेवला आणि निघून आलो. मला तिथे नेले, याखेरीज दुसरा कोणताही गुन्हा तिने केलेला नाही.

म्हणून पुढील मजकुराचे पत्र आपल्या सही-शिक्क्यानिशी ग्रामपंचायतीला पाठवावे व पंचनामा लावला तिथेच लावावयास सांगावे. याला यंत्र लागत नाही, एक टंकलेखक पुरतो :

'सदर जागा या कार्यालयास हिरालाल गणपत मेश्राम, रा. तात्यापारा, रायपूर, याने लेखी कळवली. त्याची बहीण शेवंता हिने ती कोणालाही विकली नाही. तिने फक्त आपल्या भावावर विश्वास ठेवला.'

शेवटचे वाक्य कार्यालयीन भाषेत बसत नाही असे आपले कोणी म्हणेल. ते गाळू नये.

चौतीस वर्षांच्या सवयीने नम्र,

(सही)
हिरालाल गणपत मेश्राम
सेवानिवृत्त पार्सल कारकून
तात्यापारा, रायपूर
दि. १८ सप्टेंबर २०२५

सोबत :
१. पाकीट क्र. ३ आपल्याकडे पोचल्याची पावती.
२. भुकटीचा ठसा, काळ्या-पांढऱ्या कागदावर. बोट लावू नये.
३. पंचनाम्याची प्रत, गावाचे नाव व नकाशा शाईने झाकून.