विसरलेली मुदत

५ जून २०२५

ह्यांच्या मोबाइलवर आज पुन्हा मेसेज. एकवीस तारखेला स्कूटरला पंधरा वर्षं पूर्ण होतात. नोंदणी पुन्हा करा, पर्यावरण कर भरा, नाहीतर दंड. मी मोठ्याने वाचून दाखवला. हे चहा पीत म्हणाले, "बघतो."

ह्यांच्या "बघतो"चा अर्थ मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळला. मोरीच्या दाराची कडी अजून "बघतो"मध्येच आहे.

१४ जून

आठवण केली. "बघतो."

२० जून

उद्या शेवटचा दिवस. मनाली ऑफिसातून आली, चप्पल काढता काढता म्हणाली, "बाबा, मी ऑनलाइन करून देते ना. तुम्ही फक्त ओटीपी सांगा."

"माझी गाडी आहे. मी बघेन."

आवाज चढला होता. लेकीवर हे कधी असे बोलत नाहीत. तिने मला आत येऊन हळूच विचारलं, "आई, बाबा हल्ली विसरतात का गं?"

विसरतात? चाळीतल्या कोणी कोणत्या साली छत्री नेली आणि परत दिली नाही, ते सगळं पाठ आहे. फक्त कराचंच तेवढं लक्षात राहत नाही.

२२ जून

विसरले! सकाळी शांतपणे म्हणाले, "अरे, काल होती ना तारीख. राहिलंच." चेहऱ्यावर खंत नाही. उलट परीक्षा पुढे ढकलल्यावर पोरांचा होतो तसा चेहरा. मग खाली गेले, पाण्याच्या टाकीजवळ स्कूटर लावली, वर ताडपत्री घातली आणि सुतळीने आवळून बांधली. एवढी टापटीप ह्यांनी घरात दाखवली असती तर —

६ जुलै

म्हटलं, दादरला भाजीला जाऊ. "कागद नाहीत. पोलीस पकडतील."

हाच माणूस भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला लाल दिव्यात हवालदाराला हात करून निघून जायचा. मी मागे बसून डोळे मिटायचे. आता कायद्याचा इतका आदर. बसने गेले. एकटीच. येताना दुधी, पिशवी आणि मी, तिघंही उभे.

३ ऑगस्ट

जितका उशीर तितका दंड वाढतो, मनाली सांगते. ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, "वाढू दे. भंगारात देऊन टाकू."

भंगारात! स्कूटर आणली तेव्हा ह्याच माणसाने आख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. मनाली झाली तेव्हा जिलबीवर भागवलं होतं. माझी आई केईएम हॉस्पिटलात होती तेव्हा रोज डबा ह्याच स्कूटरवरून जायचा. जेवण वाढलं, लोणचं वाढलं नाही.

८ सप्टेंबर

गणपती गेले. लालबागचा रस्ता पुन्हा रस्त्यासारखा दिसायला लागला. ठरवलं. आता मीच करणार. ह्यांना सांगायचंच नाही.

१२ सप्टेंबर

मनालीने ऑनलाइन सगळं भरलं. ओटीपी आला तेव्हा हे आंघोळीला गेले होते. सही मात्र ह्यांचीच हवी. म्हटलं, बँकेचा कागद आहे. न वाचता केली. एरवी दूधवाल्याचं बिलसुद्धा दोनदा वाचणारा माणूस. माझ्यावर इतका विश्वास आहे, हे आजच कळलं. जरा लाज वाटली. जराशीच.

१९ सप्टेंबर

हे बहिणीकडे ठाकूरद्वारला गेले आणि आम्ही मोहिमेवर. दौलत — गल्लीतला मेकॅनिक — त्याने स्कूटर आधीच तपासून ठेवली होती. आज टेम्पोत घालून आरटीओला नेली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर फाइल. तपासणीसाहेबांनी हॉर्न वाजवला, दिवे बघितले, नंबर ताडून पाहिला.

"मालक कुठेत?"

"विसरलेत," मी म्हटलं. "म्हणून मी आलेय."

साहेब हसले. पास! कर भरला, दंड भरला. हे परत यायच्या आत ताडपत्री जशीच्या तशी. दौलत म्हणाला, "काकी, तुम्ही चोरीच्या धंद्यात पायजे होतात."

३० सप्टेंबर

कार्ड आलं. आणखी पाच वर्षं. तांदळाच्या डब्यात लपवलंय. दसऱ्याला देणार.

२ ऑक्टोबर, दसरा

स्कूटर धुतली, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि आपट्याच्या पानाबरोबर कार्ड ह्यांच्या हातात ठेवलं. हे बराच वेळ कार्डाकडे बघत राहिले. चाळीतले लोक टाळ्या वाजवत होते. दौलतने किल्लीच फिरवून दिली. सगळे म्हणाले, काकींना दादरला फिरवून आणा.

मी नवी पैठणी नेसून मागे बसले. हे गोगलगाईसारखे चालले होते. म्हटलं, सवय गेली असेल.

दादरला फुलबाजारापाशी उजव्या बाजूने एक बाई मुलीला घेऊन रस्ता ओलांडत होती. चांगली समोर दिसत होती. हे थांबलेच नाहीत. मी ओरडले. बाईने पोरीला मागे खेचलं, हँडल तिच्या पिशवीला लागलं, शेवंती सगळी रस्त्यावर.

"ओ काका, दिसत नाही का?"

ह्यांनी स्कूटर बंद केली. खाली उतरले. म्हणाले, "नाही."

तिला वाटलं, उर्मटपणा करतात. आणखी बोलली. हे मान खाली घालून फुलं गोळा करत होते. पोरीच्या पायाजवळची फुलं चाचपून.

दादरहून लालबागपर्यंत स्कूटर ढकलत आणली. मी शेजारून चालत.

३ ऑक्टोबर

सकाळी कट्ट्यावर बसले होते. मी चहा दिला. घरात हे मालवणी बोलत नाहीत, सासूबाई गेल्यापासून तर नाहीच. आज बोलले.

"माका उजव्या डोळ्यान दिसना नाय गो. शिमग्यापासून."

"वाटलं, मुदत संपली की गाडी आपसूक बंद होईल. कोण विचारणार नाय. विसरला म्हणतील, म्हणू देत."

म्हणजे विसरले नव्हतेच. तारीख माझ्याइतकीच पाठ होती. एक एक दिवस मोजून वाट बघितली. आणि मी चोरून, टेम्पो करून, पास करून ह्यांना परत त्या सीटवर बसवलं. वर पैठणी नेसून मागे बसले.

"मला सांगायचं होतंत," म्हटलं.

"तुका सांगितलां असतां, तर खरां झालां असतां."

८ ऑक्टोबर

डोळ्यांचा दवाखाना. काचबिंदू. उजवा गेला, तो परत येत नाही. डावा थेंबांनी टिकेल, रोज न चुकता घातले तर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतके महिने काय करत होतात?" हे माझ्याकडे बघायला लागले. इथे उशिराचा दंड भरायला खिडकी नाही. परत येताना टॅक्सीत ह्यांनी माझा हात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.

२७ ऑक्टोबर

परळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. तिथल्या मुलाने वही उघडली. "स्कूटर शिकायचीय ना? मुलीचं नाव सांगा."

म्हटलं, "मुलीला येते. माझं लिही."