पाणकोंबडीसाठी सहाशे एमएम

२ मार्च

सोसायटीची सभा. मागचं तळं बुजवून पार्किंग करायचा बिल्डरचा प्रस्ताव आलाय. पालिकेच्या अधिकाऱ्यांपुढे सुनावणी २८ तारखेला. सेक्रेटरी म्हणाला, पाणपक्ष्याचं घरटं असेल तिथे भराव घालता येत नाही असा नियम आहे, फक्त पुरावा हवा. मी उठलो. पंचवीस मिनिटं बोललो. ज्या समाजाला तळं आणि खड्डा यातला फरक कळत नाही त्याला बुडायला दोन्ही पुरतात, हे वाक्य आयत्या वेळी सुचलं. पुराव्याचा फोटो मी काढणार, असं जाहीर केलं. टाळ्या. कॅमेरा नाही, पण तो तपशील झाला.

नंतर तळमजल्यावरच्या सिस्टर भेटल्या. नर्स होत्या, निवृत्त झाल्या तरी सगळे सिस्टरच म्हणतात. पाणकोंबडीने बाकापासून सहा पावलांवर घरटं केलंय, मोबाइलवर फोटो काढलेत, ते चालतील का, असं विचारत होत्या. मी समजावलं की मोबाइलचा फोटो हा पुरावा नसतो, ती अफवा असते. त्यांना पटलं. त्यांचे यजमान चार वर्षं खाटेवर आहेत. खिडकीतून तळं दिसतं, तेवढंच त्यांचं बाहेर. पार्किंग झालं तर त्या खिडकीत सिमेंटचा खांब येणार.

येऊ देणार नाही.

४ मार्च

अभ्यास सुरू. अकरा व्हिडिओ पाहिले. मूळ प्रश्न तात्त्विक आहे. तळं म्हणजे लँडस्केप. त्याला वाइड लेन्स लागते. पाणकोंबडी म्हणजे वाइल्डलाइफ, तिला टेली, लांबचं जवळ आणणारी. एका माणसाने दोन्ही कसं पाहावं? बायकोला विचारलं. ती म्हणाली, डोळ्यांनी.

तिची वृत्ती गंभीर नाही.

८ मार्च

कॅमेरावाल्याच्या दुकानात तीन तास. त्याने एक झूम लेन्स काढली. म्हणाला, सर, हिच्यात माणसंही येतात, पक्षीही येतात, घेऊन टाका. मी त्याला शांतपणे सांगितलं की झूम म्हणजे तडजोड. आज जवळ, उद्या लांब, ज्याला जसं हवं तसं. मला एका जागी ठाम उभी राहणारी लेन्स हवी. तीन गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. एकजण म्हणाला, मला फक्त सेल हवेत.

शेवटी कॅमेरा आणि फिक्स्ड सहाशे एमएमची लेन्स घेतली, फक्त लांबचं पाहणारी. खोका घरात आणायला वॉचमनची मदत लागली.

११ मार्च

सिस्टरांनी विचारलं, फोटो निघाला का. म्हटलं, लेन्सची परीक्षा झाल्याशिवाय तिला जबाबदारी देणं बरोबर नाही. बाल्कनीतून रस्त्यावर उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेटी टिपल्या. एकेक अक्षर तासून काढल्यासारखं. काय ही धार!

१५ मार्च

नंबरप्लेटी आतापर्यंत १३०. फोटोच्या कोपऱ्यात किंचित मऊपणा वाटतो. अजून प्लेटी हव्यात.

१७ मार्च, सकाळी ६.३०

पहिली मोहीम. बाकावर बसलो. पाणकोंबडी समोरच. काळी, लाल चोचीची, सहा पावलांवर, निर्लज्जपणे. फोकस होईना. मॅन्युअल वाचलं: ही लेन्स साडेचार मीटरच्या आतलं काही पाहत नाही. म्हणजे पक्षी चुकीच्या जागी आहे.

तिला पाच मीटरवर सरकवण्याचा प्रयत्न केला. आधी हातवारे, मग सौम्य शब्द. ती माझ्याकडे चालत आली.

१८ मार्च

पलीकडच्या काठावर गेलो. मध्ये लव्हाळं आलं. एकेक पातं काय सुरेख निघालंय!

२१ मार्च

सिस्टर दुधाची पिशवी घेऊन जिन्यात थांबल्या. पिल्लं बाहेर आलीत, पाच आहेत, यजमान सकाळपासून मोजतायत, असं म्हणाल्या. तुम्ही या ना आमच्या खिडकीत, तिथून सगळं दिसतं. मी विचारलं, काच आहे का? आहे म्हणाल्या. काचेतून फोटो काढणाऱ्याबद्दल जाणकार काय बोलतात हे त्यांना सांगायला हवं होतं, पण त्या वयाने मोठ्या आहेत. विषय बदलला.

२४ मार्च

ट्रायपॉड बदलून आणला. जुना कार्बनचा होता, हा जास्त कार्बनचा आहे. बायको म्हणाली, चार दिवस राहिलेत. म्हटलं, मोठी कामं घड्याळ बघून होत नाहीत. ती म्हणाली, सुनावणी घड्याळ बघूनच होते.

२७ मार्च

अखेर तीन फोटो. एकात शेपूट आहे. एकात ती हलली. तिसऱ्यात तिने नुकतीच बुडी मारलीय, पण पाण्यावरची वलयं पाहून कोणाही सुजाण माणसाला आत पक्षी असल्याचा प्रत्यय येईल.

२८ मार्च

सुनावणी. मी उभा राहिलो, प्रस्तावना मांडली. अठराव्या मिनिटाला अधिकारी म्हणाले, फोटो दाखवा. गडबडीत कॅमेऱ्याचं अख्खं कार्ड लावलं गेलं. पडद्यावर शेपूट, वलयं आणि मग नंबरप्लेटी. दोनशे चौदा. तारखेसह. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खेटून उभ्या गाड्या, रोज सकाळ-संध्याकाळ.

बिल्डरचा वकील उठून माझे आभार मानू लागला. पार्किंगची गरज इतक्या स्पष्टपणे आमच्याही कोणी मांडली नव्हती, म्हणाला. प्रती मागितल्या.

एवढं मात्र खरं की क्लॅरिटीबद्दल दोन्ही पक्षांत एकमत होतं.

अधिकारी २ एप्रिलला सकाळी आठला स्वतः जागा पाहायला येणार. सुनावणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर सिस्टर बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या कॅमेऱ्यात ती मावली नाही, म्हणून ती नाहीच असं ते नाही ना लिहिणार?"

कार्ड खिशात टाकून घरी आलो. त्यांचं वाक्य शब्दशः लिहून ठेवतो.

२ एप्रिल, दुपारी

पहाटे साडेपाचपासून हाइडमध्ये होतो. हाइड म्हणजे पानांची छपाई असलेला हिरवा तंबू. त्यात बसलं की पक्ष्याला माणूस झाड वाटतो. पाणकोंबडीने तंबू पाहिला आणि पिल्लांसकट पळून थेट बाकाखाली जाऊन बसली. म्हणजे पुन्हा चुकीच्या जागी, माझ्या पाठीमागे.

आठला अधिकारी आले. मी श्वास रोखून बसलो. हाइडचा पहिला नियम मौन. अधिकाऱ्यांनी विचारलं, तंबूत कोण आहे. मी बोललो नाही. पुन्हा विचारलं. बोललो नाही. सिस्टर म्हणाल्या, आमचेच आहेत, तुम्ही इकडे या. त्यांनी अधिकाऱ्यांना बाकाशी नेलं. ते वाकले. गुडघ्यावर बसले. पाच पिल्लं आणि समोरच घरटं, म्हणाले, आणि खिशातून मोबाइल काढून फोटो घेतला.

मोबाइल!

मला ओरडून हरकत घ्यायची होती. पण मौन.

९ एप्रिल

निकाल आला. तळं राहणार. पुरावा म्हणून अधिकाऱ्यांचा मोबाइलचा फोटो जोडलाय. दुसरं कलम: काठावर हिरव्या कापडाचं अतिक्रमण आढळलं, संबंधिताने ते चोवीस तासांत हटवावं.

सरकारी कागदात माझ्या कामाची नोंद झाली. बायकोला वाचून दाखवलं. ती खुर्चीत बसून बराच वेळ हसली. आनंद आहे तो.

१४ एप्रिल

तळ्याकाठी सिस्टरांचा सत्कार. मी भाषण तयार ठेवलं होतं, चाळीस मिनिटांचं. पण सेक्रेटरी म्हणाला, कॅमेरा तुमच्याकडे आहे, ग्रुप फोटो तुम्हीच काढा.

सगळी सोसायटी एका ओळीत. मी लेन्समधून पाहिलं. सेक्रेटरीचा कान दिसला. मागे सरकलो. दोन्ही कान. आणखी मागे. तळ्याला वळसा घातला, रस्ता ओलांडला. दोनशे पावलांवर, पंक्चरवाल्याच्या दारात, सगळे मावले. पंक्चरवाला म्हणाला, साहेब, जरा बाजूला, गिऱ्हाईक येतंय.

तिकडे माइक सुरू झाला. कोण काय बोलतंय ते ऐकू येईना. लोक हात हलवत होते. मला बोलायला बोलावतायत असं वाटून मी हात उंचावला. ते फक्त लवकर काढा म्हणत होते.

एकच फोटो निघाला. घरी मोठा करून पाहिला. ओळीतले सगळे पुसट. फोकस त्यांच्या मागे, तळमजल्याच्या खिडकीवर बसलाय. सिस्टरांचे यजमान उशीला टेकून बसलेत, माझ्याकडे बोट दाखवतायत आणि तोंड उघडून हसतायत. वरचा एक दात नाही, तेही दिसतं.

सिस्टरांना सांगायला गेलो की तांत्रिकदृष्ट्या फोटो चुकलाय, माफी असावी. त्यांनी तो खिडकीपाशी उजेडात धरला. मग म्हणाल्या, चार वर्षांत हे असे हसले नव्हते.

मोठी प्रत मागितलीय. त्यात मी काहीच केलेलं नाही, हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.