दोन दिवसांच्या आतलं औषध

अण्णा,

अजून डोळ्यांपुढं येतं: वाईजवळच्या आपल्या गावात फ्लूची साथ आहे, स्टोव्हवरच्या पातेल्यात सिरिंजा उकळताहेत आणि पलटणीत कंपाउंडरी करून परतलेले तुम्ही येईल त्याला पेनिसिलिन टोचताय. मी सांगलीहून सुट्टीला आलेली, कॉलेजात जंतूंचं शास्त्र शिकणारी, शिंगं फुटलेली. भरल्या दवाखान्यात मी म्हणाले, "फ्लू विषाणूचा असतो. पेनिसिलिननं त्याचा केसही वाकडा होत नाही." तुम्ही मान वर केली नाहीत. "सुई दिल्याबिगर ह्यो गडी झोपत न्हाई, उसाला पाणी पाजाय जातोय. सुई दिली की चार दिस पडून ऱ्हातो. ते तुझ्या बुकात हाय का?" माणसं हसली. सकाळच्या एसटीनं मी तणतणत परतले. तुमचं बरोबर होतं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

पण माझंही खोटं नव्हतं. पेनिसिलिन जिवाणूची भिंत मोडतं, विषाणूला तशी भिंतच नसते. घशातली पेशी त्याला पिशवीत घेऊन गिळते, तिथला आंबटपणा त्याच्या वेष्टणातल्या बारीक भोकातून आत शिरतो आणि वेष्टण उकलतं. मग पेशी स्वतःचं काम टाकून त्याच्याच नकला काढत बसते. त्या सुटून शेजारच्या पेशी धरतात. तेव्हा एक औषध होतं, ते हे भोकच बुजवायचं. पुढं विषाणू बदलला, आता ते चालत नाही. नंतरची काही औषधं नव्या नकलांना पेशीपासून सुटूच देत नाहीत. पण कुठलंही घ्या, पहिल्या दोन दिवसांत द्यावं लागतं. नंतर घसा नकलांनी भरलेला असतो.

पंधरवड्यानं तुम्हालाच ताप भरला. आईनं त्याच दिवशी कंडक्टरच्या हाती चिठ्ठी धाडली. कॉलेजातल्या आमच्या सरांकडे त्या भोक बुजवणाऱ्या औषधाच्या कॅप्सूल होत्या, मागितल्याबरोबर त्यांनी दिल्या. मी शुक्रवारी पोचले तेव्हा तुमची छाती भरली होती. तरी आल्यागेल्याला सांगत होतात, "लेकीनं अवशीद आणलंय." वेळेत दिलं असतं तर तुम्ही वाचला असतात, असं छातीठोक कुणी सांगणार नाही. मीही नाही, आणि तेच जास्त जीव खातं. तुम्ही विचारलंत, "चिठ्ठी कवा मिळाली?" मी म्हणाले, "काल." रविवारी तुम्ही गेलात.

आईही ते 'काल'च खरं धरून गेली. हे पत्र कुठं टाकणार? पण चिठ्ठी सोमवारीच मिळाली होती, अण्णा. तुम्ही स्वतः बोलवाल याची वाट बघत मी रुसून बसले होते.