ढोलबंदीतला वर्ग

सोमवार, १३ मे

आजपासून ढोलबंदी. मका पेरला, आता महिनाभर देवांना शांतता हवी. लहानपणापासून पाळत आलेय, यंदाही पाळणार. पण म्हणून माझा ढोलाचा वर्ग बंद? मुळीच नाही!

विकायचे मासे धुरावर लावले आणि पोरांना अंगणात बसवलं. ढोल गोणपाटाखाली. म्हटलं, मांड्यांवर वाजवा. टेट्टे कुरकुरला – "आंटी, मांड्या काय ढोल आहेत?" "तुझ्या तर नगारे आहेत, वाजव!" सगळे खिदळले. अजेलेसुद्धा.

अजेले तेरा वर्षांची. बाजारात मोठ्या पोरांसाठी फोन लांबवायची. कोर्टानं तिला सुधारगृहात न टाकता माझ्याकडे धाडलंय – रोज वर्गाला यायचं, आगळीक करायची नाही. चुकली की सुधारगृहाची गाडी न्यायला येणार. बघतेच कोण नेतंय!

गुरुवार, १६ मे

समाजकल्याणच्या ओफोसूबाई येऊन गेल्या. दूरच्या कुमासी शहरातल्या आहेत, आमच्या बंदीचं त्यांना काय! पोरं मांड्या बडवतायत आणि या घड्याळ बघतायत. "वर्ग चालू आहे असं मी कसं सांगू? मला तर काहीच ऐकू येत नाही."

म्हटलं, "ऐकू आलं तर वस्तीची माणसं मला उचलून नेतील, बाई."

"मग बंदी उठेपर्यंत मुलीला सुधारगृहात ठेवू. महिन्याभराचाच तर प्रश्न आहे."

महिन्याभराचा! तिथून पोरं काय काय शिकून येतात, ते मला विचारा. भांडले. खूप भांडले. सोमवारी पुन्हा येते म्हणाल्या. अजेले तिथेच बसली होती, सगळं ऐकत.

शुक्रवार, १७ मे

पोती, वाळू, जुनी गादी – सगळं वाजवून पाहिलं. गादी सगळ्यात छान वाजते. म्हणजे वाजत नाही!

सोमवार, २० मे

आजचं आजच लिहून ठेवते.

ओफोसूबाई आल्या, जरा वेळ बसल्या, उठल्या. "सॉरी, देदेई. मुलीचे कपडे भरून ठेवा." फाटकापर्यंत पोचल्या आणि – ढोल! मोठा! अजेलेनं गोणपाट भिरकावून दिलं होतं आणि दोन्ही हातांनी वाजवत सुटली होती. आठवडाभर मांडीवर घोटलेलं सगळं. एक ठोका चुकला नाही. तिला थांबवायचं सोडून मी ऐकत राहिले. देवांनो, माफ करा. पण काय वाजवलं पोरीनं!

"आलं ऐकू, मॅडम?" अजेले म्हणाली.

नी आर्मा आमच्या वस्तीचे मुख्य. त्यांची माणसं धावत आली. "कुणी वाजवला?" तिचं नाव घेतलं तर पोलीस, आणि पोलीस म्हणजे सुधारगृह. "मी," म्हटलं. "या हातांनी. काय करायचं ते करा!" त्यांनी ओफोसूबाईंकडे पाहिलं. बाई स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाल्या, "हो. यांनीच."

कुमासीची बाई! आणि मी त्यांना काय काय बोलले होते. ढोल मात्र घेऊन गेले.

मंगळवार, २१ मे

मला वस्तीच्या वडीलधाऱ्यांपुढे उभं केलं. दंड – एक मेंढा, दारूच्या दोन बाटल्या. नी आर्मा म्हणाले, "तुझी आई या दिवसांत मुसळसुद्धा हळूच टेकवायची. लाज वाटत नाही?"

वाटली. आईच्या आठवणीनं वाटली. तरी मान खाली घातली नाही. दंड भरेन. पोर बाहेर आहे ना, बस!

बुधवार, २२ मे

अजेले सकाळीच एकटी नी आर्मांकडे जाऊन आली. "ढोल मी वाजवला, आंटी खोटं बोलल्या." सगळ्यांसमोर! मी ओरडले तिच्यावर – कुणी विचारलं होतं तुला?

म्हणाली, "पकडले गेले की मी नेहमी दुसऱ्याचं नाव सांगायचे. तुम्ही माझं सांगितलं नाहीत. मला झोपच येईना."

गाडी निघालीय म्हणे. आम्ही दोघी पायरीवर बसून केंके – आंबवलेल्या मक्याचे गोळे – आणि मासा खातोय. येऊ दे गाडी. खोटं मी बोलले, खरं ती बोलली. आता कुणाला न्यायचं, ते माझ्या तोंडावर सांगू देत!