चाचणीसाठी स्वतःची नोंद

३ जून
रोजनिशी लिहिण्याची मला हौस नाही. विभागप्रमुखांनी अट घातली म्हणून लिहिते आहे. प्रणालीची निवड होईपर्यंत रोजचं काम शाईने, तारीख घालून वहीत उतरवायचं. माझ्याआधी तिघे या कामावर आले आणि अहवाल न देताच गेले. त्यांची नावं विचारली तर विभागप्रमुख डोकं खाजवत हसले. वहीवर मीही नाव घातलेलं नाही; ही कामाची वही आहे, लग्नाची पत्रिका नव्हे.

बाकी स्वागत छान झालं. स्वागतकक्षातल्या बाईंनी दिवसाचा पास दिला, त्यावर फक्त आकडा. लिफ्टवर विश्वास ठेवू नका, गुडघ्यांवर ठेवा, असं बजावलं. माझे गुडघे लिफ्टपेक्षा जुने आहेत म्हटल्यावर दोघी हसलो. तिसऱ्या मजल्यावरची खोली स्वच्छ, उजेडाची. टेबलाच्या खणात कुणाचे तरी तीन चष्मे. विसरभोळी माणसं!

४ जून
संस्थेची अकरा रुग्णालयं आहेत. माझी धाकटी बहीण त्यांतल्याच एकात परिचारिका आहे. तिथल्या रुग्णांच्या, कर्मचाऱ्यांच्या, माझ्यासारख्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्याही नोंदी एका जुन्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालतात. तो ठेवायचा, की नव्या हलक्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, सगळं पुन्हा बांधायचं, हे मी सांगायचं.

जुना सर्व्हर म्हणजे खटल्याच्या घरातली थोरली जाऊ. हलायला वेळ लावणार, पण घरात कोण आलं, कोण कुठे बसलं, कोण जेवायचं राहिलं, सगळं तिच्या ध्यानात. नवं फ्रेमवर्क चटपटीत. विचारलं की उत्तर देतं आणि विचारणाऱ्याला तिथल्या तिथे विसरतं. पुढच्या वेळी पुन्हा नव्याने ओळख. मागचं ओझं नाही, म्हणून तर वेग.

सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे आजोबा म्हणतात, जरी ते अजून निवृत्त व्हायचे आहेत. ते म्हणाले, आमची म्हातारी हळू चालते, पण धरलेला हात सोडत नाही. मी म्हटलं, कविता नको, आकडे द्या.

८ जून
चाचणीला एक खरी नोंद लागते. परक्याची नोंद वापरणं मला कधीच पटलं नाही. पस्तीस वर्षं मी स्वतःचीच घालत आले. आजही माझी नोंद जुन्यातून काढून नव्यात घातली. एक प्रत मागे ठेवा, असं आजोबा म्हणत होते. एकच माणूस दोन ठिकाणी नोंदणं हा गबाळेपणा आहे, असं मी त्यांना सुनावलं.

नवं फ्रेमवर्क सातपट वेगवान निघालं. आकडे विभागप्रमुखांकडे पाठवले.

९ जून
स्वागतकक्षातल्या बाईंनी पुन्हा लिफ्टचं सांगितलं. तेच शब्द, तेच हसू. थट्टा असेल.

दुपारी विभागप्रमुखांनी माझा अनुभव विचारला, कोरी वही दिली, अट सांगितली. मी ही वही पुढे केली. त्यांनी अक्षराचं कौतुक केलं. तेवढ्यात फोन वाजला. फोन ठेवून त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, या, या. नवीन का?

११ जून
बहिणीला फोन केला. दर आठवड्याला करते. तरी तिने विचारलं, कोण बोलतंय? मी रागावले. लहानपणी तिचे केस मी कात्रीने भादरले होते ते सांगितलं, तेव्हा ती किंचाळलीच, अगं ताई, तू! मग पुष्कळ बोललो. तिच्या दारावरची बेल वाजली. ती दार उघडून परत आली आणि अदबीने म्हणाली, आपल्याला कोण हवंय?

माझी बहीण मला 'आपण' म्हणाली.

१२ जून
नोंद हलवली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लोक मला विसरताहेत. माझी नोंद परत घालायला गेले. जुना सर्व्हर सांगतो, अशी व्यक्ती नाही. नवी नोंद फक्त आजोबा करू शकतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांना पटलं, डोळे भरून आले. दारापासून त्यांच्या संगणकापर्यंत बारा पावलं. अकराव्या पावलाला मागे वळून — बसा ना. नवीन का?

सहा वेळा.

१३ जून
विभागप्रमुखांनी सही केली. माझ्याच आकड्यांवर. सोळा तारखेला सगळ्यांच्या नोंदी हलणार. बहिणीचीही. तिची मुलं तिला दारात विचारतील —

प्रत ठेवायला हवी होती.

१४ जून
माणूस वळला की विसरतो. कागद हातात राहतो. वही आजोबांच्या हातात द्यायची. आज त्यांची सुट्टी. उद्या.

खणात तीन चष्मे आहेत. कुणाचे? — पहिल्या पानावरही हेच लिहिलेलं आहे. अक्षर माझंच —

१५ जून
सुपूर्द केलेल्या वस्तू.
घेणार: आजोबा, सर्व्हर सांभाळणारे.

ही वही. कोऱ्या वह्या पाच. खोलीची किल्ली. चष्मे चार.
शिफारस: जुना सर्व्हर ठेवावा. उद्याचं काम थांबवावं.

आजोबा, वाचत वाचत चाला. मागे वळू नका. नोंद करताना खालचं नाव जसंच्या तसं घाला. मग बहिणीला —

देणार: श्रीमती —